साखरेच्या डब्यात मीठ

पुण्यात बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत वैजनाथ हिंगमिऱ्यांकडे चहाला आलेला माणूस पहिला घोट जपूनच घ्यायचा. लातूरहून कारखान्यात फिटर म्हणून आलेले वैजनाथराव बाहेर कुणाशी फारसं बोलत नसत. घरात मात्र बायकोच्या, मंदाकिनीच्या डब्यांवर त्यांचं राज्य होतं. पंख्याच्या पात्यांवर मैदा पसरून ठेवायचे आणि मुलाला हाक मारायचे, "अभिनव, जरा पंखा लाव रे." व्याही पहिल्यांदा घरी आले, तेव्हा शकुनाची म्हणून त्यांच्या तळहातावर हळद चोळली आणि मग हात धुवायला पाठवलं. साबण लागताच फेस लालभडक झाला आणि व्याही ओरडतच बाहेर आले.

"आता पुसणार कोण?" मंदाकिनी विचारायची आणि हसू दिसू नये म्हणून पाठ फिरवायची. पुसायचे तेच. फरशीवर मैद्याचा कण राहू द्यायचे नाहीत.

एकोणसत्तराव्या वर्षी एका सकाळी चहा खारट लागला. साखरेच्या डब्यात मीठ होतं.

"वा! यंदाही सुधारायचं नाही असंच ठरलंय का?" मंदाकिनी हसत म्हणाली. तेही हसले, किंचित उशिरा.

मग वॉशिंग मशीनच्या पावडरच्या कप्प्यात बेसन निघालं. उशीच्या अभ्र्यात साबुदाणा. मंदाकिनी खोटंखोटं रागवायची, शेजारी ऐकून हसायचे. खराडीला राहणाऱ्या अभिनवला तिने फोनवर सांगितलं, तोही खळखळून हसला. फक्त पुसायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. वय झालं, कंबर दुखत असेल, असं तिने मानलं.

पावसाळ्यानंतर एक दिवस ती भाजी घेऊन परतली, तर स्वयंपाकघरभर कणीक आणि तेल, आणि त्यात वैजनाथराव मांडी घालून बसलेले. पातेल्यात पाणी, बेसन, मीठ, चहापत्ती, सगळं एकत्र.

"आज कुणाची खोडी काढताय?"

त्यांनी वर पाहिलं. "मंदा, चहा करायचा होता गं. आधी काय घालतात, आठवेना."

ती भाजीची पिशवी हातात धरूनच खाली बसली. "आणि ते साखरेचं? मशीनचं?"

"ते मी केलं होतं?" ते म्हणाले. "तू हसलीस, म्हणून मीही हसलो."

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?" मंदाकिनीला सांगता येईना. शेवटची खरी खोडी कोणती आणि पहिला विसर कोणता, हे ती घरी येऊनही शोधत राहिली.

"आई, तू चोवीस तास घरात असतेस. तुला कळलं नाही?" अभिनव म्हणाला. तूही हसला होतास, हे तिने तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

दिवाळी झाली. वैजनाथराव तासन् तास भिंतीकडे बघत बसू लागले. एका दुपारी तिला राहवलं नाही. तिने चिमूटभर हळद आणली, त्यांच्या तळहातावर चोळली आणि म्हणाली, "शकुनाची आहे हो. चला, हात धुऊ." क्षणभर तरी ते ओळखून हसतील, एवढीच तिची आशा होती.

फेस लाल झाला, तसे ते किंचाळले. "रक्त! मंदा, रक्त!"

"अहो, हळद आहे ती! तुमचीच गंमत!"

त्यांना ते पटेना. ते मागे सरकत दाराला टेकले. तिने नळ सोडला, त्यांचा हात पाण्याखाली धरला आणि लाली पूर्ण जाईपर्यंत त्यांना कवटाळून उभी राहिली.

लाली गेली, पण तळहात दोन दिवस पिवळट राहिला. त्या दोन दिवसांत ते पुन्हा पुन्हा हात पुढे करायचे आणि हळूच विचारायचे, "फार लागलंय का?"

"नाही हो," ती म्हणायची, "बरं होत आलंय."