आत्या, बटाट्या आणि आठ रविवार

माझी आत्या खोटं बोलू शकते, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तेही एका कुत्र्यापायी.

आत्याने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली. रोज दीडशे पेशंटांचा स्वयंपाक करायचा आणि ट्रॉली ढकलत वॉर्डावॉर्डात फिरून वाढायचं. कुणाला मीठ नको, कुणाला साखर वर्ज्य, सगळं तोंडपाठ. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दीडशे जणांना वाढते, आणखी एक कशाला?" रिटायर झाली त्या दिवशी निरोपाला मिळालेलं घड्याळ टेबलावर विसरली आणि बटाट्याच्या रिकाम्या पोत्यात सापडलेलं पिल्लू तेवढं घरी घेऊन आली. नाव अर्थातच बटाट्या.

दीड वर्षात बटाट्या वासराएवढा झाला. स्वभावाने गरीब, पण अक्कल शून्य. एका दुपारी आत्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात आली आणि या महाशयांनी आनंदाच्या भरात तिच्यावर झेप घेतली. आत्या पायरीवर आपटली. उजवं मनगट मोडलं.

बाबांचा पारा चढला. ते तिचे धाकटे भाऊ, पण दम देताना थोरले होतात. "ताई, आज मनगटावर निभावलं. उद्या कंबर मोडली म्हणजे? माझ्या मित्राला गोदामावर राखणीला कुत्रं हवंच आहे. देऊन टाकू."

आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस धड जेवली नाही. जी बाई जगाला जेवू घालते ती जेवेना, हे काही मला बघवेना. शेवटी मीच मध्ये पडले. शाळेच्या मैदानावर कुत्र्यांचा क्लास चालतो, आठ रविवार, शेवटी परीक्षा. मालक नजरेआड जाऊन परत आला आणि त्याने पाठीवर हात ठेवला, तरच कुत्र्याने उठायचं. बटाट्या पास झाला तर राहील, नापास झाला तर गोदामावर. बाबा म्हणाले, "मी स्वतः बघायला येणार. तुमच्या दोघींवर माझा विश्वास नाही."

क्लास घेणारे मास्तर पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. मिशा जाडजूड, आवाज बारीक. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कुत्रा उपाशी आणायचा. उकडलेल्या कलेजीचे तुकडे खिशात ठेवायचे. बसला की तुकडा. भूक असेल तरच तो ऐकेल."

सहा कुत्री होती. एका शिंपीणबाईंचं इवलंसं पांढरं कुत्रं तर तुकडा दिसायच्या आधीच बसायचं, मेलं चोंबडं! आणि आमचा बटाट्या? कलेजी नाकाशी धरली तर तोंड फिरवायचा, मैदानात आडवा पडून गवत हुंगायचा. मास्तर विचारायचे, "काकू, सकाळी काही दिलं होतं का?"

"छे हो! पाण्याचा थेंब नाही."

चार रविवार हेच. माझ्या सुट्टीचं पार वाटोळं झालं होतं. पाचव्या रविवारी मी आत्याला घ्यायला तिच्या घरी अर्धा तास लवकर पोचले. बघते तर काय, आत्या प्लास्टरचा हात सांभाळत जमिनीवर बसलेली, पुढ्यात दूध-ब्रेडचं पातेलं, वर दोन उकडलेली अंडी, आणि बटाट्या पातेल्यात कानापर्यंत बुडालेला.

माझं डोकंच फिरलं. "अगं आत्या, लाज कशी वाटत नाही तुला? चार रविवार मी ऊन खातेय, मास्तर बिचारे घसा फोडतायत, आणि तू दर वेळी तोंड वर करून खोटं बोलतेस? जाऊ दे त्याला गोदामावर!"

ती पातेल्याकडे बघतच म्हणाली, "ऑपरेशनच्या पेशंटच्या खाटेला पाटी असायची, उपाशी ठेवा म्हणून. शेजारच्या खाटेला वाढायचं आणि त्याच्यासमोरून ट्रॉली पुढे न्यायची. लहान मुलं हात पुढे करायची गं. एकतीस वर्षं मी न बघितल्यासारखं केलं. तिथे ते बरोबरच होतं. पण माझ्या घरात माझ्याच्याने नाही होणार. काय करू?"

मी पातेलं उचललं आणि मोरीत नेऊन घासत बसले. डोळे पुसायला तेवढंच निमित्त मिळालं.

त्या दिवशी आत्याने मास्तरांपुढे सगळं कबूल केलं. मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. "मग कलेजी राहू द्या. त्याला दुसरं काय आवडतं?"

मीच म्हणाले, "ही आवडते. ही आंघोळीला गेली तरी दाराबाहेर बसून रडतो."

"मग तुम्हीच कलेजी," मास्तर म्हणाले. "तो खाली बसला तरच त्याच्याकडे बघायचं, हात लावायचा. उड्या मारल्या की पाठ फिरवायची. जीव तुटला तरी फिरवायची."

आत्या पाठ फिरवायला शिकली. दर वेळी चेहरा असा करायची की जणू हिचंच ऑपरेशन चाललंय. पण सातव्या रविवारी ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली, तोवर बटाट्या जागचा हलला नाही.

आठव्या रविवारी बाबा आले, हाताची घडी घालून उभे राहिले. मास्तरांनी सांगितलं, "काकू, त्या शाळेच्या खोल्यांच्या मागे जायचं. पाच मिनिटं. मी शिट्टी वाजवल्याशिवाय यायचं नाही."

बटाट्याला बसवून आत्या गेली. दुसऱ्या मिनिटाला शिंपीणबाईंचं ते चोंबडं कुत्रं उठून पळालं. बटाट्या बसून होता. अंग थरथरत होतं, तोंडातून बारीक आवाज निघत होता, पण बूड जमिनीला टेकलेलं. चार मिनिटं झाली, आणि खोल्यांच्या कोपऱ्यावरून आत्या तरातरा चालत आली. शिट्टी नाही, काही नाही!

मी ओरडले, "अगं, जा मागे!" कसलं काय. ती थेट त्याच्यापर्यंत आली. त्याची शेपटी मातीत फडफडत होती, पण तो उठला नाही. तिने पाठीवर हात ठेवला, तेव्हा उठला आणि मान तिच्या गुडघ्याला टेकवली.

मास्तरांनी वही मिटली. "कुत्रा पास. काकू नापास."

सगळे हसले, बाबा सोडून. ते आत्यासमोर जाऊन उभे राहिले. "एक मिनिट राहिलं होतं, ताई. कशाला आलीस?"

"तो वाट बघत होता रे."

बाबा बटाट्याकडे बघत म्हणाले, "मी बघत होतो ना. बाजूचं कुत्रं पळालं, आम्ही एवढी माणसं उभी, पण त्याने एकदाही मान वळवली नाही. तू गेलीस तिकडेच बघत होता." ते आत्याकडे वळले. "आपल्या घरात तुझी अशी वाट कुणी बघितली गं कधी? मी तर नाही बघितली."

एवढं बोलून त्यांनी आत्याच्या हातातून साखळी घेतली आणि "चल रे घरी" म्हणत बटाट्याला घेऊन फाटकाकडे चालू लागले. आत्या पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "अगं, त्याला सांग जरा हळू चाल म्हणून. तो दमतो." दोघांपैकी कोण, ते मी विचारलं नाही.