आडवा हात

शहराबाहेर जुन्या काळचं एक गाव प्रदर्शन म्हणून वसवलंय. तिथल्या खाणावळीत परवा पाटावर बसून जेवलो. वाढणाऱ्या बाई नऊवारीत, बोलणंही शंभर वर्षांपूर्वीचं. सारं नाटकच, म्हणून मी मनात हसत होतो. पुरे म्हणून पानावर हात आडवा धरला, तर त्यांनी बोटांखालून चतकोर भाकरी सरकवलीच.

"हेही शिकवलंय का तुम्हाला?"

"नाही हो काका," त्या एकदम आजच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही लाजत जेवताय."

जुनी भांडी, लुगडी मांडून ठेवता येतात; पण समोरच्याचं 'पुरे' न ऐकणं कुठे मांडणार? बायको गेल्यापासून माझं 'पुरे' सगळे लगेच ऐकतात.

भाकरी संपली. बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी हात आडवा धरला, पण जरा सैलच.