खापरीवरचं नाव

मांडव्याकडच्या एका गावात पंचांनी धर्माजींचं घर वाळीत टाकलं, कारण आधीच वाळीत असलेल्या शेजाऱ्याच्या मयताला त्यांनी खांदा दिला होता. त्यांची सून पूनम शाळेत इतिहास शिकवायची. त्याच आठवड्यात प्राचीन अथेन्सचा धडा आला. तिथले लोक मतदानात खापरीवर नाव लिहून माणसाला दहा वर्षं हद्दपार करत, हे तिने सांगितलं.  एका पंचाची मुलगी प्राप्ती उठली.

"बाई, बायकापण नाव लिहायच्या?"

"नाही. बायकांना आणि गुलामांना कुणी विचारत नसे."

"आमच्याकडंपण न्हाय विचारत."

प्राप्तीने हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिची आई मनुबाई धर्माजींच्या ओटीवर येऊन बसली.

"पूनम, पानी दे."

पूनमने घाबरतच तांब्या दिला. समोरून तिचा नवरा आणि बाकीचे पंच येताना दिसले. मनुबाई सावकाश पाणी प्यायली, पण उठली नाही.