माळ्याच्या दोन खोल्या

त्या दोन खोल्यांची केस मी अजून विसरलेलो नाही. विसरता आली असती तर बरे झाले असते.

युद्धाचे दिवस होते आणि मी अकोल्यात ठाणेदार होतो. कापसाच्या जिनिंगच्या कामाला तेल्हाऱ्याकडची माणसे येत होती, कचेऱ्यांत परगावचे कारकून भरत होते, आणि शहरात खोली मिळणे मुश्कील झाले होते. मला सरकारी क्वार्टर होते, पण दीड खोलीचे, आणि आम्ही सात माणसे. बाजारामागच्या गल्लीत मात्र एका भाजीवाल्या माळ्याचे कुटुंब जुन्या किरायात दोन मोठ्या खोल्यांत राहत होते. स्वतःची मोरी, दारात मोगरा. त्या खोल्यांसाठी मी घरमालकाकडे दोनदा शब्द टाकला होता, पण माळी हलायला तयार नव्हता. त्या दारावरून जाताना माझा जळफळाट व्हायचा, हे सरळ कबूल करतो.

एके दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. ‘साहेब, माळ्याच्या घरी चोरीची साखर हाये. या भाडेकरूले गल्लीतून काढा. आमाले लय तरास होऊन राह्यला.’ साखर तेव्हा रेशनवर होती. तरी एरवी असल्या चिठ्ठ्या आमच्याकडे आठवडा आठवडा पडून राहत. ही मी तासाभरात उचलली.

दोन पंच घेऊन भरदुपारी झडती घेतली. गरज नसताना भांडीकुंडीही बाहेर काढायला लावली. पोत्यांतून कांदे आणि लसूण निघाले.

‘सारं पाहून घ्या, साहेब,’ माळीण म्हणाली. ‘पन जमलेल्या लोकायले सांगून जा, का काई भेटलं नाई.’

मी पंचांना घेऊन गर्दीतून सरळ ठाण्याकडे निघालो.

ठाण्यात आमच्या जमादाराने चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘साहेब, हे आपल्या इकडच्या मानसानं लिवलं नाई. आपन किरायदार म्हन्तो. भाडेकरू काहून म्हनन कोनी?’

मी स्वतः वऱ्हाडातला, भातकुलीकडचा. मला ते आधीच दिसायला हवे होते, पण मला फक्त माळ्याचे नाव दिसले होते.

गल्लीत भाडेकरू म्हणणारा, पुण्याकडचा एकच माणूस होता, माळ्याच्या शेजारी राहणारा एक कारकून. त्याला बोलावले. चिठ्ठी न दाखवता विचारले, ‘तुमच्या मालकाच्या घरात कोण कोण राहतं?’

‘आम्ही तीन भाडेकरू आहोत,’ तो म्हणाला.

तेव्हा मी चिठ्ठी पुढे ठेवून त्या शब्दावर बोट ठेवले. त्याचा चेहरा उतरला.

‘एका खोलीत सहा जण राहतो, साहेब. बायको पडद्याआड अंघोळ करते. आणि या भाजीवाल्याला दोन खोल्या. रोज बघून सहन होईना.’

त्याला चांगले झापायचे असे ठरवले होते, पण झापले नाही. जबाब घेतला, ताकीद दिली आणि सोडला.

माझ्या दफ्तरी केस तिथे संपली. गल्लीत नाही. दारात पोलीस आलेले मालकाला खटकले होते आणि लोक माळ्याकडे संशयाने पाहत होते. महिनाभरात त्या कुटुंबाने सामान बैलबंडीत भरले. दुसऱ्या दिवशी मालक ठाण्यात आला.

‘खोल्या खाली झाल्या, साहेब. तुमाले पायजे व्हत्या ना?’

गुन्हेगार ओळखायला मी नोकरीभर शिकलो. स्वतःची नियत ओळखायला त्या केसने शिकवले, आणि शिकूनही उपयोग झाला नाही. मालकाने किल्ली टेबलावर ठेवली. मी ती घेतली.