बाहेरच्या चाकाचे जास्तीचे फेरे

खोक्यात तुकडे किती आहेत ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही आधी मोजले. तेराशे सहा भरले. माझा साळा परदेशात नोकरीला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने हा खोका माझ्या मुलीसाठी आणला होता. एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटा, पट्ट्या, दांडे आणि दातेरी चाकं. सगळं जोडलं की हातभर लांबीची शर्यतीची मोटार व्हायची होती, खरा गिअरबॉक्स आणि वर-खाली होणाऱ्या दट्ट्यांचं इंजिन असलेली. सोबत पुस्तक होतं, त्यात नुसती चित्रं, एक अक्षर नाही. मुलगी तेव्हा आठवीत होती. आम्ही भिलाईत सेक्टरच्या क्वार्टरात राहत होतो आणि मी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला होतो. खोका आला तेव्हा सगळ्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाला सतरा दिवस उरले होते.

आदल्या वर्षी मुलीने प्रदर्शनात पवनचक्की ठेवली होती. तपासायला आलेल्या सरांनी विचारलं की पाती तिरपी का लावलीस. तिला सांगता आलं नाही, कारण पवनचक्की मी केली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सर ने पूछा, और मैं चुप खडी थी।" चिडली असेल तेव्हाच ती आमच्याशी हिंदीत बोलायची.

या वर्षी तिला ही मोटार ठेवायची होती. विज्ञानाच्या बाई आधी नाहीच म्हणाल्या, विकतचं खेळणं चालणार नाही म्हणून. मुलीने फार विनवलं तेव्हा त्यांनी अट घातली. प्रदर्शनाआधीच्या सोमवारी वर्गात त्या मोटारीचा कुठलाही भाग उघडायला सांगतील आणि वाटेल ते विचारतील. उत्तरं आली तर ही मोटार वर्गातर्फे सगळ्या शाळांच्या प्रदर्शनात जाईल, नाही तर घरी परत. मुलीने ते मला येऊन सांगितलं आणि पुढे म्हणाली, "बाबा, या वेळी तुमी करू नका. मी करीन. तुमी फक्त समजावून सांगा."

म्हणून जोडणी तिची आणि समजावणं माझं, असं ठरलं. त्यात गंमत अशी की मलाही बरंच समजून घ्यावं लागलं. माझी कल्पना होती की गिअर बदलला की एक दातेरी चाक सरकतं आणि दुसऱ्याच्या दातांत जाऊन बसतं. इथे तसं काही नव्हतं. चार गिअरच्या चारही जोड्यांचे दात कायमचे एकमेकांत अडकलेले. मोटार ढकलली की सगळीच चाकं फिरत, पण त्यांतली काही आपल्या दांड्यावर सैल होती. अशा दर दोन चाकांच्या मध्ये दांड्याबरोबर फिरणारी पण त्यावर सरकणारी, कडेला खुंट्या असलेली एक कडी होती. गिअरची दांडी हलवली की ती कडी सरकून एका सैल चाकाच्या खोबणीत बसे आणि तेवढं चाक दांड्याला घट्ट होई. बाकीची फिरत राहत, पण त्यांच्या फिरण्याने काही होत नसे.

मुलीने दोन-तीन वेळा दांडी पुढे-मागे करून पाहिली.

"म्हणजे आपल्या घरासारखं," ती म्हणाली. "सगळेच बोलून राहिले, पण चालते आईचंच."

"ऐकून राहिली मी," आतून तिची आई म्हणाली.

मग आम्ही फेरे मोजले. मागच्या चाकावर खडूची खूण केली, मोटार हळूहळू ढकलली आणि इंजिनातला दट्ट्या किती वेळा वर येतो ते पाहिलं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला सहा वेळा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन. दात मोजून गुणाकार-भागाकार केला तेव्हाही तेच आकडे आले. ते आकडे तिने स्वतः वहीत लिहिले आणि तोंडपाठ केले. गिअरबॉक्सचं काम झालं होतं. राहिला मागचा भाग.

मागची दोन चाकं एका दांड्यावर नव्हती. दोन आखूड दांडे होते आणि मध्ये एक पिंजरा. पिंजऱ्याच्या बाहेरून चोवीस दाते, आत तीन छोटी तिरप्या दातांची चाकं. मोटार उचलून धरली आणि गिअर टाकलेला असताना एक मागचं चाक हाताने फिरवलं, तर दुसरं उलट्या दिशेने फिरलं. एक चाक दाबून धरलं आणि इंजिन फिरवलं, तर दुसरं दुप्पट फिरलं.

हे मला अजिबात आवडलं नाही. मिलमध्ये दोन रोलच्या मधून तापलेलं लोखंड जातं. ते दोन्ही रोल दातेरी चाकांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि सारखेच फिरावे लागतात. वरचा खालच्यापेक्षा जरा जास्त फिरला की माल सरळ न निघता खाली वाकतो. दोन दांडे कमी-जास्त फिरताना दिसले की दुरुस्तीला हात घालायचा, हीच माझी सवय होती.

तो रविवार होता आणि माझे सासरे चरोद्याहून लोकलने आले होते. ते तिथल्या रेल्वे यार्डात मालडब्यांची चाकं तपासायचं काम करून रिटायर झाले होते. मी त्यांच्यापुढे मोटार धरली.

"मामाजी, हे पाहा बरं. एक इकडे फिरते, एक तिकडे."

त्यांनी चष्मा लावला, चाक फिरवून पाहिलं. "जवाईबापू, एका ॲक्सलची दोन चाकं अलग फिरली तर डबा पटरीवरून उतरलाच समजा. आमच्याकडे चाक ॲक्सलवर दाबून बसवत होते. शंभर माणसांनी ओढलं तरी हलणार नाही."

"लांब दांडा कमी पडला असंन म्हणून दोन आखूड लावले."

"तसंच दिसते."

मुलगी म्हणाली, "आबाजी, पण पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकात छापणाऱ्याच्या हातून चुका होत नाहीत का, पोरी?"

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "एवढी मोठी मोटार ज्यानं बनवली, त्याले तुमच्या दोघांपेक्षा कमी समजत असंन."

उरलेल्या तुकड्यांत पुरेसा लांब दांडा सापडला. पिंजरा काढून डबीत ठेवला, लांब दांड्यावर चोवीस दातांचं साधं चाक बसवलं आणि दोन्ही बाजूंनी चाकं ठोकली. आता दोन्ही अगदी सोबत फिरत होती. मुलीला मी वाक्य लिहून दिलं, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यामुळे दोघांना सारखी ताकद मिळते. तिने ते हिंदीत करून पाठ केलं.

पुढच्या रविवारी, म्हणजे बाईंच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती व्हरांड्यात मोटार चालवत होती. सरळ छान चालत होती. मग तिने पुढची चाकं डावीकडे वळवली आणि ढकललं. मोटार वळलीच नाही. पुढची चाकं तिरपी, पण मोटार सरळच गेली आणि मागचे टायर फरशीवर कुरकुरत घासले.

मी स्टिअरिंगचे सांधे पाहिले. ठीक होते. त्या रविवारीही आलेल्या सासऱ्यांनी शिवणाच्या मशीनचं तेल मागवून पुढच्या चाकांना दोन-दोन थेंब दिले. काही फरक पडला नाही. मी पुढच्या बाजूला पावशेराचं वजन ठेवलं. मोटार जरा वळली, पण कुरकुर वाढली.

"बाबा, सरळ चालते आणि वळत नाही. हे कावून?"

मी खडू आणि दोरी घेतली. मागच्या दोन टायरांच्या मध्यांत अंतर सोळा सेंटिमीटर होतं. अंगणातल्या सिमेंटवर दोन वर्तुळं काढली, आतलं ऐंशी सेंटिमीटर त्रिज्येचं, बाहेरचं शहाण्णवचं. आतलं चाक आतल्या रेषेवर चालणार, बाहेरचं बाहेरच्या. मुलीला म्हटलं, दोघांची लांबी काढ. तिने काढली. आतली पाचशे तीन, बाहेरची सहाशे तीन.

"आता चाकाच्या घेराने भाग."

चाकाचा व्यास आठ होता. तिने भागाकार केला. आतल्या चाकाचे वीस फेरे, बाहेरच्याचे चोवीस.

ती वहीकडे पाहत बसली. मीही पाहत होतो. आम्ही त्या दोन चाकांना एकाच दांड्यावर ठोकून दोघांनाही सारखेच फेरे घ्यायला लावले होते. चार फेऱ्यांची जी तूट होती ती टायर फरशीवर घासून भरून काढत होते.

"मग ते जे उलटं-सुलटं फिरून राहिलं होतं," मुलगी हळूच म्हणाली, "ते यासाठी होतं."

"हो."

"तुमी दोघांनी मले चुकीचं पाठ करून घेतलं."

"हो."

ती उठून आत गेली. सासऱ्यांनी दांड्यावर ठोकलेलं मागचं चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "जवाईबापू, पण आमची चाकं तर एकाच ॲक्सलवर घट्ट राहतात. आणि पटरीलेही वळण असते. मग आमचा डबा कसा वळते?"

मग त्यांनाच आठवलं. "चाक सपाट नसते. उतार असतो त्याले, विसास एक. आतल्या बाजूले जाड, बाहेरच्या बाजूले बारीक. तीस वर्षं मी गेज लावून तो उतार मोजला. झिजला की चाक रिजेक्ट. पण उतार कावून ठेवला, हे मी कोणाले विचारलं नाही."

त्यांनी माझ्या बायकोकडून दोन स्टीलचे पेले मागवले, तोंडाला तोंड लावून चिंधीने बांधले आणि दोन झाडूच्या काड्या जमिनीवर समांतर ठेवून त्यांवर सोडले. पेले एका बाजूला सरकले की त्या बाजूची काडी जाड भागाखाली येई, ती बाजू एका फेऱ्यात जास्त अंतर जाई आणि पेले आपोआप वळून मध्ये येत. वळणावर डबा बाहेर सरकतो, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, फेरे सारखे आणि अंतर जास्त. गणित तेच. मोटारीत ते पिंजऱ्यात ठेवलं होतं, रेल्वेत चाकाच्या उतारात. सासऱ्यांनी पेले सात-आठ वेळा सोडून पाहिले.

"पोरीले बोलवा," ते म्हणाले.

ती पिंजरा हातात घेऊनच बाहेर आली. डबीतून काढून तिने तो उघडून पाहिला होता. मोटारीला परत लावला, मागच्या दोन्ही चाकांवर आणि पिंजऱ्यावर खुणा केल्या आणि खडूच्या रेषेवरून मोटार गोल फिरवली. एका बाजूला मी मोजत होतो, दुसऱ्या बाजूला सासरे, पिंजरा ती स्वतः. आतलं वीस, बाहेरचं पावणेचोवीस, पिंजरा बावीस. बरोबर मधला आकडा. पाव फेरा माझ्या मोजण्यात हरवला असेल. मग तिने दुप्पट मोठं वर्तुळ काढायला लावलं. फेरे वाढले, पण आतल्या-बाहेरच्यातला फरक पुन्हा चारच. वर्तुळ कितीही मोठं घेतलं तरी चारच येणार हे तिने मग कागदावर करून दाखवलं, मला नाही, आबाजींना.

संध्याकाळी मी म्हटलं, उत्तर लिहून देऊ का. ती नाही म्हणाली.

सोमवारी मी दोन तासांची सुट्टी घेतली. स्कूटरवर मागे ती, मांडीवर खोका. बाईंनी पालकांना दाराशी उभं राहू दिलं. मुलीने टेबलावर मोटार ठेवली तेव्हा मागे लांब दांडा लावलेला होता. पिंजरा शेजारी. रात्री तिने दांडा परत लावला होता, आणि तो का ते मला कळेना.

तिने पुढची चाकं वळवून ढकललं. टायर कुरकुरले.

"ये तो मुडती नहीं," बाई म्हणाल्या. "ऐसा किसने लगाया?"

"मेरे पापा ने। और नाना ने भी।"

वर्ग हसला. बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग तिने पिंजरा लावला, मोटार वळवून दाखवली आणि वीस, चोवीस, बावीस हे आकडे फळ्यावर लिहून समजावले. गिअरबॉक्सचे दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं तिने कडी सरकवून दिली. बाई समाधानी दिसत होत्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अच्छा, एक पहिया कीचड में फँस गया तो?"

याची तयारी आम्ही केली नव्हती. ती गप्प उभी राहिली. मग तिने टेबलावरचं डस्टर घेतलं आणि डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, मोटारीच्या पोटाखाली सारलं. ते चाक हवेत उचललं गेलं. तिने पहिला गिअर टाकून बोटाने इंजिन फिरवलं. हवेतलं चाक गरगर फिरलं. टेबलावर टेकलेलं हललंही नाही.

"सारे फेरे वही ले गया," ती म्हणाली. "गाडी वहीं खडी रहेगी।"

"तो फिर?"

तिने पिंजरा काढला आणि लांब दांडा परत बसवला. दीड मिनिट लागलं. इंजिन फिरवल्याबरोबर टेकलेल्या चाकाने जोर घेतला आणि मोटार डस्टरवरून खाली उतरली.

बाईंनी प्रदर्शनाच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. "दोनों लेकर आना," पिंजऱ्याकडे आणि दांड्याकडे बोट करून त्या म्हणाल्या.