बारापैकी चार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आणि सांगतोय ते माफी मागायला नव्हे. ते आधीच स्पष्ट झालेलं बरं.

नारपोलीतल्या एका कापड कारखान्यात मी तागे मोजतो. तेवीस वर्षं झाली. माझ्या हातचा आकडा ताग्याच्या टोकावर पडला की घेणारा फिरून मोजत नाही. घरीही तेच. सिलिंडर किती दिवस गेला, लग्नाला किती माणसं आली – मला विचारतात आणि मान्य करतात.

माझी मुलगी प्राची मेडिकलच्या परीक्षेला बसली. पहिल्या वर्षी हुकलं. दुसऱ्या वर्षी सरकारी कॉलेज मिळालं, पण पार विदर्भाच्या टोकाला. तिला मुंबईचं हवं होतं. अकरा मार्क कमी पडले. जागा घ्यायची, की सोडून पुन्हा वर्षभर अभ्यास करायचा? दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत ठरवायचं होतं.

तिच्या सराव परीक्षांचे मार्क मी वहीत लिहीत असे. ती स्वतः बघायची नाही – धीर व्हायचा नाही. त्या संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, शेवटच्या बारा पेपरांत मुंबईपुरते मार्क किती वेळा पडले?"

वही मांडीवर उघडी होती. मी मोजलं. दोनदा मोजलं – सवय. आणि म्हणालो, "चार."

"चारच?"

"चार."

आतून माझी आई ओरडली, "अगं जा की! डाक्टर तो डाक्टर. गाव कंचा, त्याला काय हाय?"

"आजी, तू गप गं," प्राची म्हणाली. मग माझ्याकडे वळून – "घेते मी जागा."

आठ होते. बारापैकी आठ.

का केलं? तिच्या भल्यासाठी – असं म्हणू? नाही म्हणणार. आमच्या खिडकीबाहेर कापड विणणारे लूम दिवसभर खडखडतात, त्याचा तिला कधी त्रास झाला नाही. पण मी ताटात चमचा ठेवला की ती दार उघडून बघायची. टीव्ही मुका. बोलणं कुजबुजत. दोन वर्षं मी माझ्याच घरात चोरासारखा चाललो. तिसरं मला नको होतं. मला माझं घर परत हवं होतं. एवढंच.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. तिकडे रमलीय. म्हणजे बरंच झालं की – असं तुमच्या ओठावर आलं असेल. म्हणू नका. निभावलं ते तिने. त्यात माझा वाटा नाही. निर्णय तिचा होता, तो मी तिच्या हातातून काढून घेतला.

गेल्या दिवाळीत माझी पुतणी हाच पेच आणि तिच्या सराव पेपरांचे मार्क घेऊन आली. प्राचीच म्हणाली, "काकांना विचार. पप्पा आकड्यात खोटं बोलत नाहीत. डाळीत मीठ बरोबर आहे का ते मात्र विचारू नकोस, आईच्या भीतीने काहीही सांगतात!" सगळे हसले. मीही हसलो.

पुतणीला मी खरा आकडा सांगितला. ती माझ्या घरात अभ्यास करत नव्हती.

ती संध्याकाळ पुन्हा आली तर? चारच म्हणेन. वही कपाटात आहे, वरच्याच कप्प्यात. एकही पान फाडलेलं नाही. ज्याला मोजायचं त्याने मोजावं.