फेटा बांधल्याशिवाय दगड नाही

रस्त्यात दगड दिसला की ती वाकायची. उचलायची, पालथा करायची, पुन्हा होता तसा ठेवायची.

कुणाच्याही घरात शिरण्याआधी दाराशेजारच्या भिंतीवर थापा मारायची, म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा.

भाकरी सोडायला सावलीत बसताना आधी भिंत वरपासून खालपर्यंत बघायची. पटली नाही तर सरळ उन्हात बसायची.

थापी कंबरेला खोचलेली असायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा.

नवा चुना आला की चिमूटभर तंबाखूत मळून दाढेखाली धरायची. गाल पोळला तर म्हणायची, "कच्चा हाय. अजून भिजू द्या." तंबाखूला चालेल तोच चुना भिंतीला चालेल, असा तिचा हिशेब होता.

सिमेंटच्या पोत्यावर बसायची नाही. "बूड आखडतं," म्हणायची.

आणि कुणी "ही गवंड्याची बायको" अशी ओळख करून दिली की मागं वळून बघायची. तिथं दुसरी कोण उभी आहे ते शोधायची.

साखराबाई गेली. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन, नांदेडच्या कॉलेजातून. वाक्य कसं संपवावं हे मला यायला हवं. हे एक वाक्य अजून माझ्याच्यानं नीट संपवत नाही.

लातुरात आम्ही एकाच आवारात राहायचो. तिची खोली नळाजवळ, माझी जिन्याखाली. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती रोज सकाळी तोंड धुताना ओरडायची, "ए बीए! जिल्हा झाला, तुझी खुर्ची कुठं अडकली रं? सुताराकडं गेली का?" मी तिला मावशी म्हणायचो. तिनं मला नावानं कधी हाक मारली नाही.

तिचा नवरा गवंडी होता. बहात्तरच्या दुष्काळात तो काम शोधत हैदराबादेकडं गेला आणि तिकडंच तापानं गेला. साखराबाई इकडं शिरूर अनंतपाळजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पाझर तलावाच्या भरावाला दगडाचं अस्तर लावायचं होतं, आणि गवंडी सगळे गाव सोडून गेलेले. तिनं हातोडी बाजूला ठेवली आणि दगड बसवायला लागली. मुकादम म्हणाला, बाईची ओळ उपसून टाका. ती आपल्याच ओळीवर जाऊन बसली. "उपसा. माझ्यासकट उपसा." दुपारपर्यंत बसून राहिली. खाली उन्हानं तापलेला दगड. मुकादमाला दुसरा माणूस मिळाला नाही. संध्याकाळी तिच्या हातात गवंड्याचा ओळंबा आला.

"कुणी शिकवलं मावशी?" मी एकदा विचारलं.

"नवऱ्याला भाकर घेऊन जात हुते न्हवं. तो खायचा, मी बघायची. त्यानं भाकरीकडं बघितलं, म्या भिंतीकडं."

पुढं तिनं गवंडीकामच केलं. जुन्या घरांच्या भिंती. पांढऱ्या मातीत बांधलेले दगड, दगडांमधल्या सांध्यांतून, दर्जांतून, माती गळालेली, मधूनच भिंतीनं पोट काढलेलं. ती पोट उतरवायची, पुन्हा रचायची, दर्जा चुन्यानं भरायची. तिचं सगळंच काम चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. गंजगोलाईमागची तिची एक भिंत वर्षातच तडकली. तिनं दोष घुशींना दिला आणि शेवटपर्यंत बदलला नाही.

तिच्यासोबत नरसिंग असायचा. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. तो चुना कालवायचा, दगड उचलून द्यायचा. आमच्याकडं काम पुरं होत आलं की घरधनी गवंड्याला उंबऱ्यात उभं करतो आणि त्याच्या डोक्याला फेटा बांधतो. ऐपत नसली तर टॉवेल-टोपी. शेवटचा दगड गवंडी त्यानंतर बसवतो. साखराबाईनं काम केलेल्या प्रत्येक घरात हा मान नरसिंगला मिळाला. तिच्या पदरात खण आणि नारळ टाकायचे. विधवा म्हणून काहीजण तेही नाही. नारळ नुसता जमिनीवर ठेवायचे.

"माझ्या पेटीत टोप्याच टोप्या हायत," नरसिंग एकदा मला म्हणाला. "एक बी माझी न्हाई."

जिल्हा झाला त्या साली पाऊस ओढला होता. लातुरात टँकर फिरायला लागले होते. पण शहराला दुसरीच घाई होती. जिल्हा झाला म्हणजे साहेब येणार, साहेबांना खोल्या लागणार. जो तो घराचं तोंड सिमेंटनं सारवत होता. माणिकप्पा हे धान्याचे व्यापारी. कपाळाला भस्म, पायांत करकरणाऱ्या चपला. त्यांच्या जुन्या दगडी घराची गल्लीकडची भिंत पोट काढून उभी होती. ठेकेदार म्हणाला, वरून जाळी मारून सिमेंट थापतो, आठवड्यात खोल्या भाड्यानं द्या. माणिकप्पांच्या बायकोनं, गंगम्मा अक्कांनी, साखराबाईला बोलावलं. तिनं भिंतीवर थापा मारल्या. कान लावला.

"आतून सुटलीय. वरून सदरा घालून काय करता आप्पा? पोट तेवढंच राहतंय."

"मग?"

"पोट उतरवते. नव्यानं रचते. चुन्यात. आणि फेटा मला बांधायचा. नरसिंगाला न्हाई."

माणिकप्पा हसले. गल्लीतले दोघं-तिघं हसले. "बांधू की. जरीचा बांधू!"

"जरी नको. घाम लागला की टोचती. पण बांधायचा."

सगळ्यांना ती गंमत वाटली. मलाही.

काम सुरू झालं आणि पाण्याची अडचण आली. चुन्याच्या भिंतीला ओल लागते, बरेच दिवस. पिण्याला पाणी नाही, भिंतीला कुठून आणायचं? साखराबाईनं भिंतीच्या पायाशी फरशीचा उथळ खड्डा केला, वर पाट ठेवला आणि फर्मान काढलं. घरातल्या पुरुषांनी आंघोळ इथंच करायची. साबण लावायचा नाही. खड्ड्यात साठलेलं पाणी नरसिंग डब्यानं उचलायचा आणि भिंतीवर टांगलेल्या गोणपाटांवर मारायचा.

सकाळी गल्लीत गर्दी व्हायला लागली. माणिकप्पा पंचा नेसून, गळ्यातलं इष्टलिंग हातात सांभाळत, भर गल्लीत पाटावर बसलेले.

"आप्पा, मान डावीकडं घ्या. तिकडच्या बाजूला पाणी पोचंना," साखराबाई सांगायची.

"ए बाई, मी माणूस हाय का झारी?"

"माणसाचं नंतर बघू. आधी भिंत."

गंगम्मा अक्का आतून हसायच्या. इतक्या वर्षांत नवऱ्याला असं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

भिंत उठली. सरळ, घट्ट, दर्जा बोटासारख्या. साखराबाईनं छातीच्या उंचीवर एक जागा मोकळी ठेवली. तिथं एक लांब दगड बसणार होता, भिंतीच्या आरपार जाणारा. बाहेरचे दगड आणि आतले दगड एकमेकांना धरून ठेवणारा. असे दगड तिनं भिंतीत जागोजागी घातले होते. हा शेवटचा. तिनं तो स्वतः घडवला होता आणि बाजूला ठेवला होता.

त्याच सुमारास माणिकप्पांच्या भाऊबंदांनी त्यांचे कान भरले. विधवा बाई, उंबऱ्यात, डोक्याला फेटा. साहेबाला खोल्या द्यायच्या की घराला अवकळा आणायची? माणिकप्पांनी पातळ आणलं. चांगलं, इरकली, रुंद काठाचं. गंगम्मा अक्कांच्या हातून पुढं केलं.

साखराबाईनं काठ चिमटीत धरून बघितला. "झ्याक हाय. अक्का, तुम्हीच नेसा. हे बाईला देतात. मी हितं बाई म्हणून आले न्हवते."

"साखराबाई, समजून घ्या की," माणिकप्पा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तुमाला गल्लीत उघडं बघितलंय आप्पा. आता काय म्हणायचं राहिलंय?"

तिनं थापी धुतली, कंबरेला खोचली. नरसिंगच्या खांद्यावर दगड दिला आणि तो आमच्या आवारात आणून ठेवला. जाताना म्हणाली, "फेटा बांधल्याशिवाय दगड न्हाई."

भिंतीत भोक राहिलं. गल्लीतून थेट गंगम्मा अक्कांची चूल दिसायची. येणारे-जाणारे वाकून विचारायचे, "अक्का, आज पिठलं वाटतं?" एकदा शेजारच्या शेळीनं मुंडकं घातलं आणि शिंगं अडकली. ती सोडवायला अर्धी गल्ली जमली. साखराबाई आवारात त्या दगडावर बसून तंबाखू मळायची. सगळ्या बातम्या तिच्यापर्यंत पोचायच्या.

"मावशी, द्या की सोडून," मी म्हणालो. "एका फेट्यासाठी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या कागदावर बी.ए. लिहिलंय न्हवं? ते खोडून नरसिंगाचं नाव घालू का? चालंल?"

मी कळशी उचलून नळाकडं गेलो.

माणिकप्पांनी नांदेडहून व्यंकटी मिस्त्रींना बोलावलं. म्हातारा, पांढरं पागोटं. गोदावरीच्या घाटाच्या डागडुजीत ज्याची उमर गेली असा माणूस. त्यांनी भोकात खांद्यापर्यंत हात घातला. आतून चाचपलं. बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

"कुणाचं काम हाय?"

"ह्याचं," माणिकप्पांनी नरसिंगकडं बोट केलं.

"मी चुना कालवतो," नरसिंग म्हणाला. "काम साखराबाईचं."

"मग तिला विचारावं लागंल."

गवंड्यांची ही रीत. दुसऱ्यानं अर्धं सोडलेलं काम त्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. माणिकप्पा म्हणाले, अहो, बाई आहे ती. व्यंकटी मिस्त्री म्हणाले, "असू द्या. भिंतीनं ते सांगितलं न्हाई मला."

ते आमच्या आवारात आले. चपला दाराबाहेर काढल्या. साखराबाई ज्वारीतले खडे निवडत होती. मान वर केली नाही.

"बाई, तुमचं काम अर्धं हाय. माणिकप्पाच्या भिंतीत. मी हात लावू का?"

तिचा हात सुपात थांबला.

"बसा," ती म्हणाली. "चहा घ्या."

चहा झाला. बशीत फुंकर मारून दोघांनी प्यायला. दोघांनी दुष्काळाच्या गोष्टी केल्या, चुना मळायचे घाणे कुठं कुठं बंद पडले ते मोजले. मग तिनं बशी खाली ठेवली.

"न्हाई."

"बरं," व्यंकटी मिस्त्री म्हणाले. चपला घातल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परत गेले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो. "ऐकलंस का बीए? मला इचारायला आला! मला! आणि म्या न्हाई म्हनलं!" ती हसत सुटली. आवारातल्या बायका बाहेर आल्या. तिला हसू आवरेना. सुपातली ज्वारी सांडली, ती हसतच वेचत बसली.

मग माणिकप्पा स्वतः आले. एक साहेब खोल्या बघून गेले होते आणि चुलीसमोरच्या भोकाविषयी विचारत होते.

"उद्या पहाटे या. बांधतो. गुपचूप."

"गुपचूप कामून? चोरी केली का म्या?"

"मग कधी?"

"बाजाराच्या दिवशी. दुपारी. गल्ली भरल्यावर."

"साखराबाई, दोन दिवस थांबायचं त्याच्यासाठी?"

"मी दहा वर्षं थांबले आप्पा."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या. मग मान हलवली. हो म्हणूनच हलवली, मी होतो तिथं.

दुसऱ्या दिवशी ती दगड घेऊन गेली. आंघोळीच्या खड्ड्यात तो भिजत टाकला. कोरडा दगड चुन्यातली ओल पितो, म्हणून भिजलेला लागतो. "ह्याच्यावरच आंघोळ करा," तिनं घरात बजावलं. "मी उचलंपर्यंत ह्याला वाळू द्यायचा न्हाई." मग चुना मळला. तंबाखूत घालून दाढेखाली धरला. गाल पोळला नाही. खूश झाली. चुन्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि भिंतीच्या सावलीत बसली, आपल्याच भिंतीला टेकून.

नरसिंग चहा घेऊन आला. "बाई, चहा." तो बशी धरून उभा राहिला. पुन्हा हाक मारली.

मला बोलवायला तोच आला. मी गेलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. थापी कंबरेला होती. मी तिला उठवायला लागलो. नरसिंगनं माझा हात धरला.

बाजाराच्या दिवशी माणिकप्पा फेटा घेऊन उंबऱ्यात आले. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. फेटा तांबडा होता, साधा, बिनजरीचा. त्यांनी तो नरसिंगपुढं धरला.

"माझ्या डोक्यावर लई टोप्या झाल्या आप्पा," नरसिंग म्हणाला. "आता बास."

नांदेडला निरोप गेला. व्यंकटी मिस्त्रींचं उत्तर आलं: बाई नाही म्हणाली होती, आता हो कोण म्हणणार? लातुरातले गवंडी येतात, भोकात हात घालतात, परत जातात. ठेकेदार सिमेंट घेऊन आला, तेव्हा गंगम्मा अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावून दाखवा," म्हणाल्या. असं बोलायला त्या कुणाकडून शिकल्या ते गल्लीला माहीत आहे. साहेबांनी खोल्या दुसरीकडं घेतल्या.

कलेक्टर कचेरीतून मला बोलावणं आलं आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे. कचेरीला जायचा रस्ता त्याच गल्लीतून जातो.

काल मी बघून आलो. भिंत सरळ उभी आहे. गोणपाटाखालचा चुना घट्ट होऊन गेला आहे. दगड खड्ड्यात आहे. माणिकप्पा अजून तिथंच आंघोळ करतात, बिनसाबणाची, मान डावीकडं करून. दगड वाळू द्यायचा नाही असं ती सांगून गेली होती, ती उचलेपर्यंत.